घर बदलताना फ्लॅट-पॅक फर्निचर न मोडता खोलायचं आणि परत जोडायचं कसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत भाड्याने राहायचं म्हणजे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, आणि ते संपत आलं की परत घर शोधा, टेम्पो ठरवा, खोकी गोळा करा. आम्ही २०१४ पासून पाच वेळा शिफ्ट झालोय, आणि पाचही वेळा तेच तीन दारांचं कपाट, तोच हायड्रोलिक बेड, तेच स्टडी टेबल सोबत आलंय. पहिल्या शिफ्टिंगला बरंच नुकसान झालं, नंतर शिकत गेलो. सोसायटीत कुणी शिफ्ट होणार असलं की आता मला फोन येतो आणि सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

फ्लॅट-पॅक म्हणजे नक्की कुठलं फर्निचर? माझं कपाट त्यात येतं का?

जे फर्निचर सपाट खोक्यात फळ्या-फळ्यांनी येतं आणि घरी येऊन जोडलं जातं ते. दुकानदार आणि सुतार याला नॉक-डाउन किंवा केडी फर्निचर पण म्हणतात. ही कल्पना आयकियाने जगभर नेली, त्यांच्याकडची गोष्ट अशी की १९५६ मध्ये गिलिस लुंडग्रेन नावाच्या त्यांच्या माणसाला एक टेबल गाडीत मावेना म्हणून त्याने त्याचे पाय काढले. आपल्याकडे त्यांचं पहिलं दुकान हैदराबादला २०१८ मध्ये आणि नवी मुंबईत २०२० मध्ये आलं, पण असं फर्निचर त्याच्या बरंच आधीपासून आपल्या घरात आहे, ऑनलाइन मागवलेलं असो की फर्निचरच्या शोरूममधलं.

ओळखायची खूण सोपी. कपाटाच्या आत फळीच्या कडेजवळ बघा, एक रुपयाच्या नाण्याहून थोड्या लहान गोल चकत्या दिसतील, कधी त्यावर प्लास्टिकचं झाकण असतं, मधे स्क्रू ड्रायव्हर घालायला फुली असते. हा मिनिफिक्स. खरं तर मिनिफिक्स हे हाफेले या जर्मन कंपनीचं नाव, पण आता सगळेच सुतार अशा प्रत्येक कॅमला, म्हणजे फळ्या आवळून धरणाऱ्या या फिरत्या चकतीला, मिनिफिक्स म्हणतात. हे दिसलं तर कपाट खोलता येतं. सुताराने घरी बसून प्लायचं बनवलेलं, फेविकॉल आणि खिळे मारलेलं कपाट असेल तर ते खोलायच्या भानगडीत पडू नका, ते अख्खंच न्यावं लागतं.

एकदा जोडलेलं परत खोललं की ते कामातून जातं म्हणतात, खरंय का?

नाही, पण लोक असं का म्हणतात ते कळतं. या फळ्या पार्टिकल बोर्डच्या असतात, म्हणजे लाकडाचा भुगा आणि चिपा गोंदात दाबून केलेल्या, वरून लॅमिनेट किंवा नुसता छापील कागद. साध्या लाकडात स्क्रू रेषांना धरून बसतो, इथे धरायला फक्त दाबलेला भुगा. त्यामुळे फळी मधून सहसा मोडत नाही, जातं ते भोक. भोकाची कड एकदा चुरली की स्क्रू नुसता फिरत राहतो. म्हणून माझं सगळं लक्ष भोकांवर असतं, पुढे जे जे लिहिलंय ते बहुतेक सगळं भोकं जपण्यासाठीच आहे. आमचं कपाट पाच वेळा खोलून जोडलंय, त्याचे मिनिफिक्स अजून पहिलेच आहेत, मागची पातळ फळी मात्र दोनदा बदलली.

सगळंच खोलायला हवं का? तसंच उचलून नेलं तर?

लहान वस्तू तशाच न्या. बेडसाइड टेबल, शू रॅक, ड्रॉवरचं छोटं कपाट, यांचे ड्रॉवर काढून घ्या, खाली धरून दोघांनी उचला, बास. प्रत्येक वेळी खोलल्याने भोकं थोडी का होईना झिजतातच, त्यामुळे गरज नसताना खोलू नये.

मोठं कपाट, बेड आणि लांब टेबल मात्र खोलाच. उभं कपाट जिन्यात तिरकं केलं की त्याचं सगळं वजन चार-सहा कॅमवर तोलून राहतं आणि सहा-सात फुटी उभी फळी तरफेसारखी काम करते, वर जरासा हिसका बसला तरी खाली भोकात केवढा तरी जोर येतो. आणि घरातल्या घरात सुद्धा कपाट फरशीवरून ओढू नका, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओढत नेल्यानेच खालचे जोड सगळ्यात जास्त ढिले होतात.

निघायच्या आधी मेजर टेप घेऊन नव्या घरी एक चक्कर मारून या. लिफ्टचं दार, बेडरूमचं दार, आणि हे बहुतेक जण विसरतात, माळा किंवा फॉल्स सीलिंग किती उंचीवर आहे. कपाट आडवं जोडून उभं करताना त्याचा कोपरा कर्णाइतका वर जातो. २२० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर खोल कपाट उभं करताना २२८ सेंटिमीटरपर्यंत जातं, म्हणजे छत २२५ ला असेल तर कपाट बसतं पण उभंच करता येत नाही! अशा वेळी ते उभ्यानेच जोडावं लागतं आणि त्याला तीन माणसं लागतात.

कुठली हत्यारं लागतात?

फार काही नाही. एक चांगला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, त्यातही पोझीड्राइव्ह दोन नंबर, म्हणजे ज्याच्या फुलीच्या मधे अजून चार बारीक रेघा असतात तो. मिनिफिक्सच्या फुलीत तो घट्ट बसतो, साधा फिलिप्स घातला की निसटतो आणि फुली घासून गोल होते, मग तो कॅम काढणं महाकठीण. एलन कीचा सेट, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या नक्की असू द्या. रबरी हातोडी, नसेल तर साधी हातोडी आणि एक लाकडी ठोकळा. पक्कड, पट्टीचा पातळ लांबी-चाकू (रंगारी लांबी म्हणजे पुट्टी भरायला वापरतात तो), मेजर टेप, पेन्सिल, कागदी मास्किंग टेप, झिपच्या पिशव्या.

बॅटरीचं ड्रिल खोलताना चालेल पण क्लच, म्हणजे ड्रिलचा जोर ठरवणारं पुढचं आकड्यांचं कडं, सगळ्यात कमी आकड्यावर ठेवून. जोडताना शेवटचे फेरे हातानेच मारा, यात मी कुणाचंच ऐकत नाही. मशीनला कळत नाही भुगा कधी सुटायला लागला ते, मनगटाला कळतं.

कुठून सुरुवात करायची?

जोडलं त्याच्या उलट. मॅन्युअल सापडलं तर उत्तम, नसेल तर मॉडेलचं नाव टाकून नेटवर शोधा, बऱ्याच कंपन्यांची पीडीएफ मिळते.

आधी कपाट पूर्ण रिकामं, हँगरची दांडी सुद्धा काढा. मग खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो, समोरून, मागून, आणि प्रत्येक जोडाचा जवळून. मग दारं, मग ड्रॉवर, मग सुटे शेल्फ. त्यानंतर खाली सतरंजी किंवा जुनी गोधडी पसरून दोघांनी मिळून कपाट हळूच पुढच्या तोंडावर आडवं करा, म्हणजे पाठ वर येईल. मागची पातळ फळी काढा. मग एक बाजूची उभी फळी, मग मधल्या आडव्या, आणि शेवटी दुसरी बाजू.

मागची फळी काढली की कपाट एकदम लुळं पडतं कारण त्याला काटकोनात धरून ठेवणारी तीच असते. म्हणून ती काढायच्या आधी कपाट आडवं झालेलंच हवं. उभ्या कपाटाची पाठ काढून मग ते आडवं करायला गेलात तर सगळा सांगाडा तिरका होतो आणि एका झटक्यात आठ-दहा भोकं जातात, आमचं पहिल्या वेळी हेच झालं होतं.

मिनिफिक्स फिरवला तरी फळी सुटत नाहीये, काय करू?

आधी हे कसं चालतं ते समजून घ्या म्हणजे जोर लावावासा वाटणार नाही. एका फळीत बोल्ट उभा असतो, त्याला छोटं डोकं असतं. दुसऱ्या फळीत गोल कॅम बसवलेला असतो आणि त्याच्या पोटात एका बाजूला खाच असते. बोल्टचं डोकं खाचेत शिरलं की कॅम उजवीकडे साधारण अर्धा फेरा फिरवायचा, खाच आत आत सरकत जाते आणि डोकं ओढून घेते. सोडवताना डावीकडे तेवढाच अर्धा फेरा. बऱ्याच कॅमवर बारीक बाण किंवा त्रिकोण असतो, तो फळीच्या कडेकडे, म्हणजे बोल्टच्या दिशेला आला की कॅम सुटला. त्याच्या पुढे फिरवलात तर परत लॉक व्हायला लागतो! लोक जोरात दोन-तीन फेरे मारतात आणि म्हणतात निघत नाही.

सगळे बाण कडेला आलेत आणि तरी फळी अडकलीय तर आत लाकडी खुंट्या, म्हणजे डॉवेल, धरून बसल्या असतील, सहसा ८ मिलिमीटर जाडीच्या असतात. पावसाळ्यात त्या फुगतात. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, कडेची पट्टी उडेल. आतल्या बाजूने जोडाच्या अगदी जवळ लाकडी ठोकळा ठेवा आणि त्यावर हलके ठोके, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, असं करत दोन-दोन मिलिमीटर सरकवत न्या. फळी बोल्टच्या सरळ रेषेतच बाहेर यायला हवी. एक टोक आधी ओढून काढलं तर दुसऱ्या टोकाचा बोल्ट भोक फाडूनच येणार.

मागची पातळ फळी कशी काढायची? तिला चुका ठोकल्यात.

ही ३ मिलिमीटरच्या आसपासची हार्डबोर्डची फळी असते, दोन तऱ्हेने बसवतात. खाचेत सरकवलेली असेल तर खालची किंवा वरची फळी सुटल्यावर ती आपोआप सरकून येते. चुका असतील तर कडेने लांबी-चाकू फळीखाली सरकवून एक-एक चूक हळूहळू सैल करा, मग पक्कडीने ओढा. मधे हात दाबून ढकलायची नाही, हार्डबोर्ड लगेच फाटतो. मोठ्या कपाटाची पाठ कधी कधी घडीची असते, मधे टेप लावलेला, तो टेप कापू नका, घडी करूनच न्या.

परत लावताना त्याच भोकात चुका धरत नाहीत. मी सरळ अर्धा इंची स्क्रू आणि वॉशर वापरते, जुन्या भोकापासून बोटभर अंतर सोडून, आणि आधी पेन्सिलीने कडेपासून रेघ मारून घेते, नाहीतर स्क्रू फळीच्या बाहेर फुटून येतो.

बोल्ट आणि कॅम फळीतच ठेवायचे की काढायचे?

यावर दोन मतं आहेत. बरेच जण सगळं काढून पिशवीत भरतात. मी ठेवते. कॅम तर नुसता बसवलेला असतो, त्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला की पडत नाही. बोल्ट काढला आणि परत घातला की भोकातले आटे थोडे झिजतात, मग कशाला. फक्त बाहेर आलेला बोल्ट दुसऱ्या फळीला ओरखडे काढतो आणि धक्का लागला तर भोकच उचकटतो, म्हणून प्रत्येक बोल्टवर थर्माकोलचा तुकडा खोचायचा, टीव्हीच्या खोक्यातला जुना थर्माकोल याला मस्त चालतो. बोल्ट हाताने हलवून बघा, डुगडुगत असेल तर तो मात्र काढा आणि त्या भोकाला पेन्सिलीने खूण करा, नव्या घरी त्याचा इलाज करावा लागणार.

दारं आणि ड्रॉवर?

दाराला आतून जी बिजागरी असते, ३५ मिलिमीटरच्या गोल वाटीची, ती दारातून काढायचीच नाही. बिजागरीच्या लांब हाताच्या मागच्या टोकाला छोटी कळ असते, ती दाबली की बिजागरी कपाटाला बसवलेल्या पट्टीवरून सुटते. खालून वर सुटं करत या म्हणजे शेवटपर्यंत दार वरच्या बिजागरीवर टांगलेलं राहतं, आणि दुसऱ्या माणसाने दार धरलेलंच हवं. लावताना उलट, वरची आधी. जुन्या पद्धतीची, कळ नसलेली असेल तर कपाटाच्या उभ्या फळीकडचे स्क्रू सोडवा, दाराकडचे नको. आरशाचं दार उभंच ठेवायचं, उभंच न्यायचं, आडवं कधीच नाही.

ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना काळी प्लास्टिकची जीभ असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, एका बाजूची जीभ वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबून धरा (दोन्ही बाजूंना तोच भाग उलटा बसवलेला असतो म्हणून), आणि सरळ ओढा. परत घालताना अडलं तर रेटू नका, आतली छर्ऱ्यांची पट्टी पुढे ओढून घ्या, दोन्ही पट्ट्या तिच्यात सरळ शिरल्यात ना बघा. छर्रे एकदा सांडले की चॅनल बदलावाच लागतो.

हायड्रोलिक बेड स्वतः खोलू का?

खोलता येतो पण एकट्याने नाही, आणि इथे जरा थांबून वाचा. गादीखालचं झाकण उचलणारे ते पंप म्हणजे आत दाबलेला गॅस भरलेल्या नळ्या, आणि त्यांचा जोर गादीच्या वजनाचा हिशोब धरून ठरवलेला असतो. गादी काढली की वरचं झाकण जोरात उघडतं आणि खाली दाबून बसवणं अवघड होतं. म्हणून क्रम असा : गादी काढा, झाकण पूर्ण उघडं राहू द्या, दोन माणसांनी दोन बाजूंनी ते धरून ठेवायचं, शिवाय मधे एक मजबूत लाकडी टेकू. पूर्ण उघड्या स्थितीतच पंपाचा ताण सगळ्यात कमी असतो, तेव्हाच त्याच्या टोकाची क्लिप किंवा नट काढायचा. झाकण अर्धवट किंवा बंद असताना पंपाला हात लावायचा नाही, सुटलेलं टोक कुठे लागेल सांगता येत नाही. पंप निघाल्यावर झाकणाचं सगळं वजन हातावर येतं, ते धरणाऱ्या दोघांना आधीच सांगून ठेवा. आणि पंप भोसकायचा, कापायचा, तापवायचा प्रयत्न चुकूनही करू नये. घरात लहान मुलं असतील तर हे काम चाललेलं असताना त्यांना शेजारी पाठवा, मी दर वेळी तेच करते.

स्क्रू हरवू नयेत म्हणून काय करायचं?

एक जोड, एक पिशवी. पिशवीवर लिहायचं ‘कपाट, वरची फळी, ४ स्क्रू’, आणि ती पिशवी त्याच फळीला आतल्या बाजूने मास्किंग टेपने चिकटवायची किंवा मग सगळ्या पिशव्या एका डब्यात आणि तो डबा आपल्या हातातल्या बॅगेत, टेम्पोत नाही. फळ्यांवर न दिसणाऱ्या कडेला पेन्सिलीने अक्षर आणि बाण, ‘अ डावी, पुढची कड इकडे’. डावी-उजवी हमखास उलटी होते, भोकं सारखीच दिसतात, आणि सगळं जोडून झाल्यावर कळतं की बिजागरीची भोकं मागे गेलीत.

फळ्या पॅक कशा करायच्या? पावसाळ्यात नेलं तर?

ब्राउन टेप थेट फळीवर कधीही लावू नका. आमच्या तिसऱ्या शिफ्टिंगला पॅकर्सनी दाराला थेट ब्राउन टेप मारला होता, नव्या घरी तो ओढला तेव्हा तळहाताएवढा लाकडी रंगाचा कागद त्याच्यासोबत सोलून आला आणि खालचा खरबरीत भुगा उघडा पडला. ती जागा अजून तशीच आहे, मी त्यावर दाराचा आरसा लावलाय. आधी चादर किंवा कोरुगेटेड कागद, मग स्ट्रेच रॅप, टेप फक्त रॅपवर.

फळ्या टेम्पोत उभ्या, कडेवर, एकमेकींना चिकटून, चांगली बाजू चांगल्या बाजूकडे आणि मधे चादर. आडव्या रचल्या की वर कुणीतरी मिक्सरचं खोकं ठेवतंच आणि मधे बाक येतो. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या करा, पडल्यावर पहिला मार कोपऱ्यालाच बसतो. दोन खोल्यांच्या घरातलं खोललेलं फर्निचर एका छोट्या हत्तीत (टाटा एस टेम्पोत) आरामात बसतं.

पाऊस हा या फर्निचरचा सगळ्यात मोठा शत्रू. लॅमिनेट पाणी सोसतं पण उघडी कड आणि भोकं पाणी पितात, भुगा फुगतो आणि फुगलेली कड परत बसत नाही. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर शिफ्टिंग टाळा, नाहीच जमलं तर बंद बॉडीचा टेम्पो सांगा, ताडपत्रीवर विसंबू नका, आणि फळ्यांच्या खालच्या कडांना प्लास्टिक गुंडाळा कारण पाणी टेम्पोच्या तळाशी साचतं. भिजलंच तर आधी पुसून फळी कडेवर उभी करून पंख्याखाली दोन दिवस वाळवा, ओली असताना त्यात स्क्रू घालू नका, आणि उन्हात नको, वाकते.

खोललेलं असतानाच मागच्या बाजू आणि खालच्या कडा नीट बघा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी, ती फळी नव्या घरात नेऊच नका.

पॅकर्सवाल्यांनाच खोलू दिलं तर चालेल ना?

चालेल, पण बुकिंग करतानाच विचारा की खोलणं आणि जोडणं दोन्ही दरात धरलंय का, आणि जोडायला तीच माणसं येणार का. दुसरीच माणसं आली तर त्यांना काहीच माहीत नसतं. काम चालू असताना शेजारी उभे राहा, बोलायला लाजू नका, ‘दादा, हातोडी नको, कॅम सोडवा आधी’ एवढं म्हटलं तरी ते ऐकतात. ती माणसं सकाळपासून चौथं घर करत असतात, घाई असते त्यांना, पाणी-चहा विचारा, फरक पडतो. स्क्रूच्या पिशव्या मात्र स्वतःकडेच.

परत जोडताना सगळ्यात महत्त्वाचं काय?

काहीही शेवटपर्यंत घट्ट करू नका. आधी सगळ्या फळ्या जागेवर, सगळे कॅम नुसते पकडण्यापुरते फिरवलेले, कडा एकसारख्या आल्यात का हात फिरवून बघा, मग एक-एक करत पूर्ण. एक कोपरा आधीच आवळून टाकला की समोरचा कोपरा दोन मिलिमीटर हुकतो आणि मग माणूस ढकलायला लागतो, भोक तिथेच जातं.

पाठ लावायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा, वर डाव्या कोपऱ्यापासून खाली उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही आकडे सारखे आले म्हणजे कपाट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर हलका दाब द्या, परत मोजा, मग पाठ ठोका. ही दोन मिनिटं घालवली नाहीत तर दारं आयुष्यभर तिरकी दिसतात.

जुन्याच भोकात स्क्रू परत घालताना भोक खराब होतं, काही युक्ती?

आहे, आणि ही एवढी एक गोष्ट जरी लक्षात ठेवलीत तरी माझं लिहिणं कामी आलं. स्क्रू भोकात ठेवा आणि आधी उलटा, डावीकडे, अगदी हलक्या हाताने फिरवा. अर्धा-एक फेरा झाला की बोटांना बारीकशी ‘टक’ जाणवते, स्क्रू किंचित खाली बसतो. तिथे जुन्या आट्याचं तोंड असतं. आता थांबा आणि तिथूनच उजवीकडे फिरवा, स्क्रू लोण्यासारखा आत जातो, जोर लागतच नाही. जोर लागतोय म्हणजे तो नवे आटे पाडतोय, परत उलटा फिरवा आणि ती टक शोधा. सुरुवातीला कळत नाही, डोळे मिटून केलं की कळतं. माझा मुलगा सातवीत असल्यापासून हे काम तोच करतो.

भोक आधीच सैल झालंय, स्क्रू नुसता फिरतोय.

किरकोळ सैल असेल तर दोन-तीन टूथपिक पांढऱ्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, बाहेरचा भाग कापा, एक अख्खा दिवस वाळू द्या, मग स्क्रू घाला. वाळायच्या आधी घातलात तर उपयोग नाही. माचिसच्या काड्या पण चालतात पण गूल तोडून.

पार चुरा झाला असेल तर ते भोक ८ किंवा १० मिलिमीटरच्या बिटने साफ गोल करा, खोली किती हवी तिथे बिटवर टेप लावा (फळी १६ किंवा १८ मिलिमीटरचीच असते, आरपार जायला वेळ लागत नाही), त्यात फेविकॉल लावून लाकडी खुंटी ठोका, दुसऱ्या दिवशी कडेबरोबर कापून मधोमध नवं बारीक भोक पाडा. असं केलेलं भोक मूळच्यापेक्षा मजबूत होतं, आमच्या कपाटात अशी चार आहेत.

मग सगळ्याच जोडात फेविकॉल घालू का, पक्कं होईल?

भाड्याच्या घरात असाल तर अजिबात नको. डॉवेल चिकटला की पुढच्या वेळी फळी फुटूनच निघेल. स्वतःचं घर झालं आणि कपाट आता हलणारच नाही असं असेल तर घाला.

दारं वर-खाली दिसतायत, मधे फट आहे.

आधी फरशी बघा, दारं नंतर. कपाटाच्या खालच्या फळीवर स्पिरिट लेव्हल किंवा लेव्हलचं ॲप उघडलेला मोबाईल ठेवून, पायाचे स्क्रू फिरवून किंवा खाली पाचर सरकवून कपाट सपाट करा, निम्मी तक्रार तिथेच मिटते. मग बिजागरी. पुढचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर, आणि पट्टीचे स्क्रू थोडे ढिले केले की दार वर-खाली होतं. पाव-पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी दार बंद करून बघा.

भिंतीला अडकवायलाच हवं का? घरमालक भोक पाडू देत नाहीत.

घरात लहान मूल असेल तर मालकांशी बोलून परवानगी घ्याच. मुलं ड्रॉवर उघडून त्यावर चढतात आणि अख्खं कपाट पुढे येतं. हे नुसतं घाबरवण्यासाठी नाही, २०१६ मध्ये अमेरिकेत मुलांच्या मृत्यूंनंतर आयकियाने सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली होती, मुख्य कारण हेच की भिंतीला न अडकवलेली कपाटं कलंडत होती. खोलून परत जोडताना तो भिंतीचा ब्रॅकेट पिशवीतच राहून जातो, असं होऊ देऊ नका. काँक्रीट किंवा विटेच्या भिंतीला प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू पुरतो, नव्या बिल्डिंगमध्ये पांढऱ्या हलक्या ब्लॉकची भिंत असते, ड्रिल केलं की पिठासारखी पांढरी पूड येते, तिथे साधा प्लग धरत नाही, हार्डवेअरवाल्याकडे त्या ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग मागा. निघताना ते भोक पांढऱ्या लांबीने बुजवता येतं, हे मालकांना सांगितलं की सहसा हो म्हणतात.

एखादा कॅम किंवा बोल्ट हरवला तर मिळतो का?

मिळतो, स्वस्तात मिळतो. पुण्यात बोहरी आळी किंवा भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. पण नमुना घेऊन जा, कारण कॅमचा व्यास सहसा १५ मिलिमीटर असला तरी १६ आणि १८ च्या फळीसाठी त्याची जाडी वेगळी असते आणि बोल्टची लांबीही वेगळी. चार-सहा जास्तीचे आणून ठेवा.

किती वेळ धरायचा?

तीन दारांचं कपाट खोलायला दोघांना दीड-दोन तास, जोडायला तीन-चार. बेडला दोन्ही वेळा तास-तास. शिफ्टिंगच्या दिवशी सकाळी खोलायला घेऊ नका, आदल्या संध्याकाळी कपाट खोला आणि कपडे बॅगांमध्ये राहू द्या, रात्री गादी जमिनीवर टाकून झोपा आणि बेड पण तेव्हाच खोलून टाका. नव्या घरी उलट, पहिल्या दिवशी फक्त बेड जोडा, कपाट दुसऱ्या दिवशी, दमलेल्या हातांनी नाही. आणि महिन्याभराने एकदा सगळे कॅम स्क्रू ड्रायव्हरने तपासा, कपड्यांचं वजन पडल्यावर एक-दोन थोडे फिरलेले सापडतात, तेवढेच परत बसवायचे.